ऊन खाऊनही न उडणारा निळा

फुईच्या (म्हणजे आत्याच्या) गावी तापीकाठी जुना वाडा आहे, त्याच्या ओट्याला निळ्या-पांढऱ्या टाइल्स. मे महिन्यात तिथे बसलो होतो तर फुई म्हणाली, "हाऊ रंग ऊनमा उडत कसा नही रे भाऊ?" प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडे ४५ डिग्रीत दाराचा ऑइलपेंट दोन-तीन वर्षांत पांढुरका पडतो आणि या टाइल्स फुई लग्न होऊन आली त्याच्याही आधीच्या.

गावातलं उत्तर ठरलेलं, जुने लोक रंगात गुप्त मसाला घालायचे. मसाला वगैरे काही नाही, असल्या टाइल्समधला निळा म्हणजे कोबाल्ट नावाचा धातू. त्याच्या ऑक्साइडने नक्षी काढतात तेव्हा ती चक्क काळपट दिसते, मग भट्टीत १००० डिग्रीच्या आसपास ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा लेप, वितळून काच होते आणि कोबाल्ट त्यात विरघळतो. तिथे प्रत्येक कोबाल्ट आयनाला (विद्युतभारित अणूला) चार ऑक्सिजनचा शेजार मिळतो, त्यामुळे त्याच्या डी नावाच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या दोन गटांत फुटतात, आणि खालून वर उडी मारायला लागणारी ऊर्जा नेमकी हिरव्या-पिवळ्या-नारिंगी प्रकाशाइतकी भरते, तो प्रकाश गिळला जातो, उरतो निळा. शेजारी चारचे सहा झाले की हाच कोबाल्ट गुलाबी! लॅबमधली निळी सिलिका जेल ओल धरून गुलाबी होते ती याचमुळे. चारच्या रचनेला सममिती केंद्र नसतं, म्हणजे शेजारी बरोबर समोरासमोर नसतात, म्हणून या उड्या कितीतरी जास्त होतात, म्हणून अर्धा टक्का कोबाल्टही गडद रंगाला पुरतो.

आता फुईचं उत्तर. बऱ्याच रंगांत मोठे सेंद्रिय रेणू असतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांचे बंध तुटले की रंग गेला. इथे इलेक्ट्रॉन वर जातो, खाली येतो, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि आयन काचेत जागच्या जागी. जो भट्टीतून निघालाय त्याला आपलं ऊन काय करणार?

पांढरा भाग निराळा, ९व्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी भांड्यांसारखा पांढरेपणा आणायला ग्लेझमध्ये कथिलाचा ऑक्साइड घातला, त्याचे बारीक कण प्रकाश विखुरतात.

कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकामगारांच्या कोबोल्ड नावाच्या भुताचं. खनिज भाजताना माणसं आजारी पडायची, दोष भुताला, खरा गुन्हेगार धुरातला आर्सेनिक. आपल्याकडे आजही निळा म्हणजे शनीचा म्हणून हजारो रुपयांचा नीलम बोटात घालतात, त्याचा निळा लोखंड आणि टायटॅनियममुळे येतो, शनीचा काही संबंध नाही.

ओट्याच्या कोपऱ्यातल्या एका टाइलचा टवका उडालाय, तिथे बोट ठेवून फुईला दाखवलं, आत नुसती मळकट माती. सगळा निळा वरच्या नखाएवढ्या जाडीच्या काचेत.