हतनूर जलाशयावरील हिवाळी पक्षीनिरीक्षण : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होडीतून थेट पक्ष्यांच्या थव्यापर्यंत का नेत नाही, अशी विचारणा सहलीची नोंदणी करताना अनेक ग्राहक करतात. त्यामागचे कारण येथे सविस्तर देत आहोत.

तापी व पूर्णा या नद्यांनी आणलेल्या गाळामुळे हतनूर जलाशयाचा बराच भाग उथळ झाला असून तेथे पाणवनस्पती विपुल वाढतात. त्यामुळे हिवाळ्यात मोठी लालसरी, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही बदके आणि पट्टकादंब हा हंसासारखा पक्षी येथे मुक्कामाला असतात. यातील अनेक बदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. होडी जवळ गेली की सगळा थवा उठतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी विनाकारण खर्च होते. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब तर हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातो. या प्रवासात त्याने ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. अशा पाहुण्याला छायाचित्रासाठी उडवणे आम्हाला मान्य नाही.

म्हणून मासेमारांच्या होड्या जेथे लागतात, त्या काठावरच आम्ही बसतो. त्या होड्यांची ये-जा रोजची असल्याने तिथले पक्षी माणसाला फारसे बुजत नाहीत. कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी, जाळ्यांभोवती शेपटी हलवत फिरणारे धोबी आणि पाण्यावर घिरट्या घालणारे सुरय हे पक्षी येथे निवांत पाहता येतात. पाणी ओसरून गाळपेरीची (गाळावर पीक घेण्याची) जमीन उघडी पडू लागली की चिखलात शेकाटे व तुतारी हे पक्षी उतरतात. आमच्या मते हाच काळ नवख्यांसाठी सर्वांत चांगला, कारण पक्षी उघड्यावर असतात.

सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बेताने पूर्वेकडील काठ निवडला जातो, अन्यथा पिसांचे रंग दिसत नाहीत आणि पक्षी केवळ काळे भासतात. दुर्बीण ८×४२ या मापाची पुरेशी आहे: ८ म्हणजे किती पट मोठे दिसते ते, आणि ४२ म्हणजे पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. याहून जास्त पटीची दुर्बीण हातात स्थिर राहणे कठीण जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, त्यामुळे स्वेटर व कानटोपी अवश्य आणावी. कपडे मात्र मातकट किंवा गडद हिरव्या रंगाचे असावेत. काठालगतच्या गहू-हरभऱ्याच्या शेतांत शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.