जड वाहनातील डिझेल इंधनयंत्रणा

ट्रक, बस, टिपर, ट्रेलर अशा वाहनांत टाकीतले डिझेल खेचून, गाळून, दाब वाढवून सिलिंडरमध्ये फवारणारी यंत्रणा. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे डिझेल कधी आले, किती आले आणि किती बारीक फवारले गेले, यावर गाडीची ताकद, ॲव्हरेज आणि धूर ठरतो.

हे माप किती बारीक असते ते हिशेबाने कळते. मिनिटाला १,८०० फेरे घेणारे सहा सिलिंडरचे इंजिन ताशी २० लिटर डिझेल पीत असेल, तर दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा, म्हणजे तासाला ३,२४,००० वेळा फवारणी होते. एका वेळच्या वाट्याला सुमारे ०.०६ मिलिलिटर येते, जेमतेम एक थेंब. हा थेंब मोजणारा पंपातला प्लंजर (वर-खाली होणारा दांडा) आणि त्याचा बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणूनच प्लंजर-बॅरलची जोडी मोडून एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालता येत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारी धूळही पंपाला पुरून उरते.

टाकीतून निघालेले डिझेल आधी जाळीतून आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून (वॉटर सेपरेटर) जाते. फीड पंप ते खेचून बारीक फिल्टरकडे ढकलतो आणि तिथून ते मुख्य पंपात पोहोचते. उरलेले डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत येते.

मुख्य पंपाचे दोन प्रकार रस्त्यावर दिसतात. जुन्या गाड्यांत इनलाइन पंप असतो. बॉशने त्याचे उत्पादन १९२७ मध्ये जर्मनीत सुरू केले. भारतात बॉशच्याच मायको कंपनीमुळे तो गॅरेजमध्ये ‘मायको पंप’ म्हणूनच ओळखला जातो. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि त्याचे टोक असलेला नोझल तिच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) असतो, रॅक (सगळे प्लंजर एकदम फिरवणारी दातेरी पट्टी) सरकला की डिझेल कमी-जास्त होते आणि दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की नोझलची सुई उचलली जाते. कॉमन रेलमध्ये मात्र पंप फक्त दाब तयार करतो. ते डिझेल एका जाड नळीत (रेल) साठते आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा हे ईसीएम (इंजिनाचा संगणक) ठरवतो. ट्रकसाठी ही पद्धत जपानच्या डेन्सोने १९९५ मध्ये बाजारात आणली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या जड गाड्यांत हीच पद्धत रूढ झाली. रेलमधला दाब १,६०० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) आणि त्याहूनही वर जातो.

पाणी, कचरा आणि हवा हे या यंत्रणेचे तीन शत्रू. पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की रिकाम्या भागातली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पाणी तळाशी बसते. ते पुढे गेले तर प्लंजरला गंज चढतो. तापलेल्या नोझलच्या टोकाशी त्याची एकदम वाफ होते आणि टोक फुटू शकते. म्हणून मुक्कामाला टाकी भरून ठेवावी, आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी सेपरेटरचा खालचा स्क्रू उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडावे. दोन मिनिटांच्या या कामाने पंपाचे आयुष्य वाढते. रॉकेलची भेसळ वेगळ्या वाटेने मारते: रॉकेलला डिझेलइतका चिकटपणा नसतो, आणि पंपातल्या प्लंजरला वंगण फक्त डिझेलचेच मिळते.

हवेचा दोष ओळखायला सर्वात अवघड. फीड पंपाच्या पुढे पाइप ढिला असेल तर डिझेल ठिबकताना दिसते. मागच्या, म्हणजे टाकीकडच्या बाजूला मात्र ओढ असते, त्यामुळे बाहेर थेंबही येत नाही आणि आत हवा शिरते. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, गाडी सुरू होऊन बंद पडते, घाटात दम टाकते. अशा वेळी पंप उतरवण्याआधी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. बहुतेकदा बंजो बोल्टचा (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशर किंवा कडक झालेला रबरी पाइप सापडतो. टाकीचे झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज होऊन आत हवा ओढली गेली, तर दोष पाइपचा नाही. टाकीचा ब्रीदर (हवा आत घेणारे भोक) तुंबलेला असतो.

इनलाइन पंपाची एअर काढताना आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलणारा छोटा पंप) मारायचा. फेस जाऊन अखंड धार आली की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. तरीही गाडी धरत नसेल तर इंजेक्टरकडचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उसळले की आवळायचे. चालू इंजिनावर हे नट एकेक करून ढिले केल्यास कोणता सिलिंडर काम करत नाही तेही कळते: ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही, तो.

कॉमन रेलवर हे कधीही करू नये. तिथली सुईएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. गळती शोधायची तर पुठ्ठा धरावा, हात नाही. इंजिन बंद केल्यावर दाब उतरायला वेळ द्यावा.

फिल्टर बदलताना आधी आजूबाजूची धूळ पुसावी. नव्या बारीक फिल्टरमध्ये कॅनमधले डिझेल ओतू नये, कारण ते गाळलेले नसते. फिल्टर प्रायमरनेच भरावा. सीलला डिझेल लावून ते टेकेपर्यंत फिरवावे आणि पुढचे आवळणे पुस्तिकेप्रमाणे हातानेच करावे. पान्याने आवळलेल्या फिल्टरचे सील दबून तिथूनच हवा शिरते.

जुना नोझल टेस्टरवर तपासताना, उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब १० सेकंद धरून टोकावरून थेंब पडता कामा नये. ठिबकणारा नोझल काळा धूर देतो, आणि बीएस-६ गाडीत तोच दोष धुराच्या फिल्टरमध्ये काजळी भरतो. इंजेक्टर बसवताना तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा आणि जुना भोकात चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहावे; दोन वॉशर बसले तर नोझल वर राहतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. कॉमन रेल इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर नव्या इंजेक्टरवरही गाडी धडधडते.

उच्च दाबाचा पंप झिजून बसला असेल तर आधी जुना फिल्टर कापून उजेडात धरावा. कागदाच्या घड्यांत चमकणारा धातूचा चुरा दिसला, तर नुसता पंप बदलून भागत नाही: तो चुरा रेल, पाइप, इंजेक्टर आणि रिटर्नमार्गे टाकीपर्यंत गेलेला असतो. टाकी उतरवून धुवावी लागते आणि रेल, पाइप, इंजेक्टर बदलावे लागतात.