शेताची डायरी आणि मनाची वही

जानेवारी लागला की जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे घरोघर डायऱ्या येतात. एक कृषी केंद्रवाल्याची, एक बँकेची, एखादी विमा एजंटची. एक शेताच्या हिशेबाला लागते. दुसरीत घरातलं कॉलेजचं पोरगं ‘आजपासून रोज जर्नल लिहायचं’ म्हणून सुरुवात करतं. सहाला उठलो, चहा घेतला, बस चुकली. संक्रांतीपर्यंत टिकतं, मग कोरी पानं आणि ‘आपल्याच्यानं नाही होत भो’. माझ्या मते पोराचा दोष कमीच. शेताच्या डायरीचे नियम त्याने भलत्याच वहीला लावलेले असतात.

शेताच्या डायरीत नोंदी असतात. केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) कधी लावली, ड्रिपमधून कोणतं खत कधी सोडलं, बाग कधी निसवली म्हणजे घड कधी बाहेर पडले, कटतीला (घड कापणीला) काय भाव मिळाला, कापूस वेचणीत कुणाचे किती किलो झाले. फायदा रोख. व्यापारी मागच्या खेपेचं वजन वेगळं सांगू लागला तर पान उघडून समोर ठेवता येतं. पिलबाग (कापलेल्या केळीच्या पिलांवरचं पुढचं पीक) ठेवायची की मोडायची हे आठवणीवर सोडावं लागत नाही. इथे रोजच्या रोज लिहायलाच हवं, कारण चार दिवसांनी लिहिलेली मजुरी हा अंदाज असतो. घरात कुणीही वाचावी, भावाने त्यात भर घालावी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. जसंच्या तसं टिपण्याची किंमत खानदेशाला वेगळी सांगायला नको.

मनाच्या वहीत घडलेली गोष्ट अर्ध्या ओळीत संपते. ‘वादळात बाग आडवी झाली’ एवढं शेताच्या डायरीला पुरतं. मनाच्या वहीत पुढचं येतं: बाग पाहून रडलो नाही, पण संध्याकाळी पोराने फीचे पैसे मागितले तर त्याच्यावर खेकसलो. का? पैसे नव्हते म्हणून, की आबांच्या देखत ‘नाहीत’ म्हणावं लागलं म्हणून? हा ‘का’ आला की वही कामाला लागली.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासोबत केलेला प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायचं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर. प्रसंग आणि त्याचं वाटणं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना जास्तच जड वाटत होतं. पुढे २००६ साली असे १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा दिसला, पण सरासरीने लहान. कुणी चमत्कार विकत असेल तर घेऊ नका.

पण ४ दिवस हा आकडा बघा. रोजचा नेम या वहीचा नव्हेच. मनात काही अडकलं की काढावी, मोकळं झालं की महिनाभर कपाटात गेली तरी चालेल. ती कुणी वाचणार असेल तर मात्र संपलंच. नणंद वाचेल या धाकाने लिहिलेलं पान शाळेच्या निबंधासारखं गोडगोड होतं. आणि लिहायचं घरच्या बोलीत. ज्याला ‘मन लागी नही ऱ्हायनं’ असं आतून येतं, त्याने ‘मी अस्वस्थ आहे’ कशाला लिहावं? शुद्धलेखन तपासायला कुणी येत नाही.

लिहिता लिहिता जीव घाबरा झाला तर तिथेच थांबावं, हट्ट करू नये. पानोपानी तोच राग त्याच शब्दांत उतरत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोलावं, गरज पडली तर डॉक्टरांशी.

झोपेचं काय, असं बरेच जण विचारतात. २०१८ साली बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला लावलं. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झोप लागली ती दिवसभरात उरकलेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं आधी. म्हणजे इथे उपयोगी पडते ती शेताचीच डायरी: मोटरचा स्टार्टर दाखवायचा, पोटॅशच्या दोन गोण्या आणायच्या, मजुरांना फोन करायचा. मनाची वही दुपारी काढा, जेवणानंतर घर निजलेलं असताना. रात्री ती उघडलीत तर बारा वाजता पाण्याच्या पाळीला उठेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही.