शुक्राशय, प्रोस्टेट, काउपर ग्रंथी : जागा आधी कळली, काम फार उशिरा

पुरुषाच्या प्रजननसंस्थेत वृषणांना मुख्य मान, आणि बाकीच्या ग्रंथींची ‘साहाय्यक’ म्हणून दोन ओळींत बोळवण. प्रत्यक्षात वीर्यातला जवळजवळ सगळा द्रव याच ग्रंथींचा असतो. सुमारे दोन तृतीयांश शुक्राशयांतून येतो, उरलेल्यातला बहुतेक मूत्राशयाच्या खाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणांकडून येणारा भाग ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच नसबंदीनंतर वीर्याच्या प्रमाणात जाणवण्याइतका फरक पडत नाही. हे आज सरळ वाटतं, पण इथवर यायला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लागला.

या ग्रंथींचं सर्वांत जुनं ज्ञात वर्णन इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या हेरोफिलसकडे जातं. त्याचं मूळ लेखन उरलेलं नाही. जे कळतं ते प्रामुख्याने रोमन काळातला वैद्य गेलेन याच्या ग्रंथांतून. पुढे व्हेनिसच्या निकोलो मास्साने १५३६ मध्ये प्रोस्टेटचं वर्णन केलं आणि दोनच वर्षांनी शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने ती चित्रात दाखवली. प्रोस्टेटच्या खाली, शिश्नाच्या मुळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी त्यामानाने उशिरा नजरेत आल्या. त्या आधी झाँ मेरीने १६८४ मध्ये नोंदवल्या, तरी नाव लागलं ते १६९९ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन करणाऱ्या विल्यम काउपरचं.

खरा गोंधळ झाला तो शुक्राशयांबाबत. मूत्राशयाच्या मागे, वृषणाकडून शुक्राणू आणणाऱ्या शुक्रवाहिनीला लागून असलेली ही जोडी जेमतेम ५ सेंटीमीटर लांबीची. पण ती म्हणजे गुंडाळलेली एक नळीच असते. उलगडली तर १० ते १५ सेंटीमीटर भरते. आत घड्या, घड्यांत द्रव. मृतदेहात हे पाहणाऱ्याला ते वीर्याचं कोठार वाटलं, यात नवल नाही. इंग्लंडमधला शल्यविशारद जॉन हंटर याने हा समज तपासून पाहिला. एक वृषण काढलेल्या माणसाचं विच्छेदन करताना त्याला दोन्ही बाजूंची शुक्राशयं सारखीच भरलेली आढळली; ती कोठारं असती तर वृषण नसलेल्या बाजूचं रिकामं असायला हवं होतं. आतल्या द्रवाचा रंग आणि वासही वीर्यासारखा नव्हता. हा द्रव शुक्राशय स्वतःच तयार करतं, असं त्याने १७८६ मध्ये मांडलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर युक्तिवाद आहे. तरीही कोठाराची कल्पना पुढे बराच काळ टिकून राहिली.

या ग्रंथींच्या द्रवाकडे दुर्लक्ष होण्याला आणखी एक कारण होतं. १६७७ मध्ये लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले आणि १८२४ मध्ये प्रेव्हो व द्यूमा यांनी वीर्य गाळण्याचे प्रयोग करून फलनाचं श्रेय शुक्राणूंना दिलं. निष्कर्ष बरोबरच होता. पण त्यानंतर गाळून खाली उतरलेल्या द्रवाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

त्याची दखल घेतली ती विसाव्या शतकातल्या जीवरसायनशास्त्राने. १९३० च्या दशकात उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात स्नायूंवर आणि रक्तदाबावर परिणाम करणारं द्रव्य सापडलं. ते प्रोस्टेटचं समजून त्यांनी त्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ म्हटलं, पण ते मुख्यतः शुक्राशयांतून येतं, हे नंतर उघड झालं. १९४६ मध्ये थॅडियस मान यांनी वीर्यातली साखर म्हणजे फ्रुक्टोज असल्याचं दाखवलं. तीही शुक्राशयांचीच, आणि शुक्राणूंना ऊर्जा पुरवणारी.

प्रोस्टेटचं काम आणखी नंतर उलगडलं. वीर्य बाहेर पडताच घट्ट होतं, ते शुक्राशयांतल्या सेमेनोजेलिन या प्रथिनामुळे. नंतर प्रोस्टेटमधलं पीएसए (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटीजेन) हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत वीर्य पातळ होऊन शुक्राणू मोकळे होतात. रक्ततपासणीमुळे कर्करोगाशी जोडलं गेलेलं पीएसए मुळात या कामासाठी असतं. काउपर ग्रंथींचा स्राव तर वीर्याच्याही आधी येतो. मूत्रमार्गात उरलेल्या मूत्राची आम्लता तो कमी करतो.

ही कामाची वाटणी कळल्यामुळेच वंध्यत्वाचा अहवाल नीट वाचता येतो. शुक्राणू अजिबात नाहीत, वीर्य कमी आणि आम्लधर्मी आहे, फ्रुक्टोजही नाही, असं दिसलं तर डॉक्टरांचा संशय वीर्य बाहेर नेणाऱ्या नलिकांतल्या अडथळ्यावर किंवा शुक्राशयं जन्मतःच नसण्यावर जातो. शुक्राणू नाहीत पण वीर्याचं प्रमाण आणि फ्रुक्टोज व्यवस्थित आहे, तर शोध त्याच्या अलीकडे, म्हणजे वृषण, अधिवृषण (वृषणाला चिकटलेली गुंडाळलेली नळी) किंवा शुक्रवाहिनीत घ्यावा लागतो.