आठ आण्यांचा हिशोब: पुण्यातल्या व्याख्यानांची पार्श्वभूमी

पुण्यात अर्थशास्त्रावरचं जाहीर व्याख्यान संपलं की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: ‘हा आकडा काढला कसा?’ मला तो फार आवडतो. त्याची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने दख्खनभरातून हकीकती गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. वाद कशावरून, तर दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, पुरतं का यावरून. सरकारने मजुरी त्या हिशोबावर आणली होती. दिवसभर राबणारा माणूस तेवढ्यावर तगत नाही, हे सभेने माहितीच्या जोरावर मांडलं. सभेला वळण देणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनीच १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. माहिती जमवायची आणि चारचौघांत बोलायची, ही दोन्ही कामं त्याच माणसांनी केली.

साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी खुद्द पुणे शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी केली. संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकर उभे राहिले. विषय होता ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातलं, प्रांत आणि संस्थानं यांना जोडणारं संघराज्य. संस्थानांचे प्रतिनिधी प्रजेने निवडलेले नसून राजांनी नेमलेले असणार, तर ही कसली लोकशाही, असा त्यांचा रोख होता. ते संघराज्य पुढे आलंच नाही.

धान्याचा जुना प्रश्न मात्र याच संस्थेत पुन्हा मांडला गेला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती पैसे लागतात, असा त्यांचा सवाल. उत्तर: १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. म्हणजे खेड्यात रोजचे आठ आणे, शहरात बारा. त्यातच जेवण, कपडा, औषध, सगळं. तेवढंही खेड्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांच्या वाट्याला येत नव्हतं. शहरात तर जवळपास निम्म्यांच्या. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार सुचवला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्रानेही तसा कायदा केला.

त्याच हमीवरच्या एका व्याख्यानाला मी गेलो होतो. आकडे, आलेख झाले. मग एक मावशी उठल्या. ‘मजुरी हातात पडेपर्यंत घरात डाळ कुठनं आणायची, ते तुमच्या तक्त्यात आहे का?’

वक्त्यांनी पेन काढलं आणि त्यांना प्रश्न पुन्हा सांगायला लावला.