डॅम्परचा आकडा आणि ड्रॅग फॅक्टर: रोइंग मशीनवर नक्की कशाकडे बघायचं

हवेवर चालणाऱ्या रोइंग मशीनच्या चाकावर जो जाळीदार डबा असतो, त्याच्या बाजूला एक खटका असतो आणि त्यावर १ ते १० आकडे असतात. वजनं उचलायची सवय असलेला माणूस पहिल्यांदा या मशीनवर बसला की तो खटका सरळ १० वर नेतो. केबल मशीनमध्ये पिन खाली सरकवली की वजन वाढतं, मग इथेही आकडा वाढला की व्यायाम वाढत असणार, असा त्याचा हिशोब असतो. या मशीनला तो लागू पडत नाही.

तो खटका म्हणजे डॅम्पर. डॅम्पर ही नुसती हवेची झडप आहे: १ वर ती जवळजवळ बंद असते, १० वर पूर्ण उघडी. ड्रॅग फॅक्टर ही वेगळी गोष्ट आहे. झडप जितकी उघडी आहे तितक्यात, त्या मशीनवर आणि त्या दिवशी, हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते आहे याचं ते मोजमाप. डॅम्परचा आकडा तुम्ही ठेवता, ड्रॅग फॅक्टर मॉनिटर मोजतो. आणि तुम्ही किती जोरात व्यायाम करताय हे या दोन्हींतलं एकही सांगत नाही. ते सांगतात वॅट आणि स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ.

कॉन्सेप्ट२ या कंपनीच्या मशीनवर ड्रॅग फॅक्टर कसा निघतो हे समजलं की बाकीचा गोंधळ बराचसा सुटतो. हँडल ओढून झाल्यावर तुम्ही सीटवरून पुढे सरकत असता, तेव्हा चाकाला कोणीच ढकलत नसतं. हवेच्या विरोधामुळे ते मंदावत जातं. ते किती भराभर मंदावतंय हे मॉनिटर दर स्ट्रोकला पाहतो आणि त्यावरून विरोधाचा आकडा काढतो. पुढच्या स्ट्रोकची ताकद मोजताना हाच ताजा आकडा धरला जातो. त्यामुळे डॅम्पर ३ वर असो की ९ वर, २०० वॅट म्हणजे २०० वॅटच. खटका खाली आणून कोणी फुकटचे मीटर कमावू शकत नाही, आणि वर नेऊन कोणाला जास्त मीटरही मिळत नाहीत.

बदलतो तो स्ट्रोकचा पोत. ड्रॅग ११० असताना आणि २०० असताना तितकेच वॅट काढायचे, तर ११० वर चाक सुमारे २२ टक्के जास्त वेगानं फिरावं लागतं. २०० वर हँडल सावकाश येतं, पण प्रत्येक स्ट्रोकला जोर जास्त लागतो. सायकलचा गिअर बदलल्यासारखंच आहे हे: चढ तोच, पायडल जड आणि हळू मारायचं की हलकं आणि भरभर, एवढाच प्रश्न. चढ्या ड्रॅगवर दोन स्ट्रोकच्या मध्ये चाक पटकन मंदावतं आणि दर वेळी ते जवळजवळ थंडावलेलं हाती येतं. कमी ड्रॅगवर ते फिरतच राहतं, त्यामुळे ते पकडायला पाय चपळ लागतात.

जिमच्या सल्ल्यांत सगळ्यात जास्त घोटाळा पुढच्या मुद्द्यावर होतो. "डॅम्पर ५ वर ठेवा" एवढं सांगणं अपुरं आहे, कारण ५ हा आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा ड्रॅग देतो. स्वच्छ मशीनवर डॅम्परच्या सगळ्या पल्ल्यात ड्रॅग फॅक्टर साधारण ९० च्या आसपासपासून २०० च्या पुढेपर्यंत जातो. पण जाळीत धूळ आणि कापडाचे तंतू साचले की हवा आत शिरत नाही, आणि त्याच ५ वर ड्रॅग खाली येतो. उंच ठिकाणची विरळ हवा ड्रॅग कमी करते, गरम हवाही थोडासा कमी करते. रोज वर्दळ असलेल्या जिममधल्या जुन्या मशीनचा ७ आणि घरातल्या नव्या मशीनचा ४ सारखाच ड्रॅग देऊ शकतात. म्हणून एका मशीनवरचा डॅम्परचा आकडा दुसऱ्या मशीनवर नेऊ नये, ड्रॅग फॅक्टर न्यावा.

तो बघायला अर्धा मिनिट पुरतो. कॉन्सेप्ट२ च्या पीएम५ मॉनिटरच्या मुख्य मेनूतून "मोअर ऑप्शन्स" मध्ये जा, "डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर" निवडा आणि आठ-दहा स्ट्रोक सारख्या लयीत मारा. आकडा स्थिरावला की डॅम्पर हलवून पुन्हा काही स्ट्रोक मारा. पहिल्या दोन-तीन स्ट्रोकनंतरचा आकडा खरा मानू नका, चाकाला वेग धरू द्या.

किती ठेवायचा? नियमित, सर्वसाधारण फिटनेससाठी रोइंग करणाऱ्यांना आमचा सल्ला असा: हलक्या बांध्याच्या व्यक्तीनं १०० ते ११५, मध्यम बांध्याला ११५ ते १३०, वजनदार आणि ताकदवान व्यक्तीला १२५ ते १४०. नवशिक्यानं आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. स्वतःचा आकडा शोधायचा असेल तर नाडीचा आधार घ्या. तीन वेगवेगळ्या ड्रॅगवर, समजा १०५, १२० आणि १३५ वर, पाच-पाच मिनिटं रोइंग करा. स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, तिन्ही वेळा २० आणि हृदयाचे ठोके तिन्ही वेळा तितकेच राहतील असा जोर लावा. मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ज्या ड्रॅगवर तेवढ्याच ठोक्यांत सर्वांत जास्त वॅट मिळाले, तो तुमचा सध्याचा आकडा. दमलेल्या दिवशी ही चाचणी करू नका, आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून ताडून बघा, कारण शेवटच्या फेरीत थकव्याचा वाटा असतोच.

वॅट आणि स्प्लिट यांचं गणितही एकदा नीट पाहायला हवं, नाहीतर ड्रॅग नीट लावूनही माणूस निराश होतो. २:३० च्या स्प्लिटला साधारण १०४ वॅट लागतात, २:१५ ला १४२, २:०० ला २०३ आणि १:४५ ला ३०२. म्हणजे २:१५ वरून २:०० वर यायला ६१ वॅट वाढवावे लागतात, पण तिथून पुढचे तेवढेच १५ सेकंद कमी करायला जवळजवळ १०० वॅट. ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. ड्रॅग कितीही असो, ही शिडी बदलत नाही.

ताकदीच्या व्यायामाबरोबर रोइंग करताना

वजनांचा व्यायाम आणि रोइंग एकत्र करणाऱ्यांना डॅम्परची चूक सगळ्यात महाग पडते. रोइंगच्या स्ट्रोकमध्ये आधी पाय ढकलतात, मग कंबरेतून धड मागे उघडतं, शेवटी हात ओढतात. यात मांड्या, नितंब, पाठीचे खालचे स्नायू आणि हातांची पकड सगळं राबतं. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहण्याच्या व्यायामातही, नेमके हेच स्नायू राबतात. डेडलिफ्टचे जड सेट झाल्यावर डॅम्पर १० वर ठेवून वीस मिनिटं ओढलं, तर आधीच थकलेल्या कंबरेवर शेकडो जड स्ट्रोक पडतात. श्वास लागायच्या आधी पकड आणि कंबर हार मानतात, त्यामुळे हृदयाला व्हायला हवा तो व्यायामही होत नाही.

त्या दिवशी वजनं आधी उचला. मग ड्रॅग १०५ ते ११५, स्ट्रोक रेट १८ ते २०, वीस मिनिटं, बोलताना धाप लागणार नाही इतक्या जोरात. पाय ढकलायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ पुढे सरकायला द्या. जोराची इंटरव्हल, उदाहरणार्थ ६ × ५०० मीटर आणि मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती, शक्यतो वेगळ्या दिवशी ठेवा. ड्रॅग १२० ते १३०, रेट २६ ते २८. पहिली फेरी जेवढ्या स्प्लिटला काढली त्याहून शेवटची तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त घसरली, तर पहिली फार जोरात गेली असं समजा.

सर्किटसाठी एक साधी रचना: ४०० मीटर रोइंग, १२ गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून बैठका), १० पुश-अप, प्रत्येक पायावर ८ रिव्हर्स लंज (एक पाय मागे टाकून खाली बसणं), अशा चार फेऱ्या. पुश-अप इथे भरतीला घातलेले नाहीत. रोइंगमध्ये हात फक्त ओढतात, ढकलत कधीच नाहीत, ती उणीव बाहेरून भरून काढावी लागते. लंज एवढ्यासाठी की रोइंगमध्ये दोन्ही पाय कायम एकत्र काम करतात आणि डाव्या-उजव्यातला फरक झाकला जातो. सर्किटच्या घाईत खटक्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि आधीच्या माणसानं तो ९ वर ठेवलेला असतो. यावर सोपा उपाय आहे: प्रत्येक मशीनच्या खटक्याजवळ चिकटपट्टी लावून १२० चा ड्रॅग कुठे येतो ती खूण करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा तपासावी.

मग चढ्या ड्रॅगचा उपयोगच नाही का? आहे, पण मर्यादित. तंत्र पक्कं झालेल्यांनी ताकदीसाठी १६० ते १८० ड्रॅगवर १० जोरदार स्ट्रोकचे ६ ते ८ सेट मारावेत, मध्ये पूर्ण दोन मिनिटं विश्रांती घेऊन. सुरुवातीच्या काही महिन्यांत मात्र हे टाळाच. जड चाकावर नवशिक्याचं धड पायांच्या आधी मागे उघडतं, कोपरं सुरुवातीलाच वाकतात, किंवा सीट मागे निघून जाते आणि हँडल जागच्या जागी राहतं. तिन्ही चुकांचा भार शेवटी कंबरेवर येतो. जास्त भार वारंवार पडला तर बरगड्यांनाही त्रास होतो, आणि बरगड्यांची ताणजन्य दुखापत रोइंगच्या खेळाडूंमध्ये चांगलीच ओळखीची आहे.

फार कमी ड्रॅगच्या चुका वेगळ्या असतात. स्ट्रोकच्या सुरुवातीला साखळी क्षणभर सैल पडते आणि पाय रिकामे ढकलले जातात. "काहीच लागत नाही" म्हणून माणूस रेट वाढवत नेतो, ३० च्या पुढे जातो, आणि वॅट मात्र तेवढेच राहतात. असं दिसलं तर डॅम्पर लगेच वर नेऊ नका. आधी रेट २० वर आणा आणि टाच खाली टेकताच पायांनी एकदम दाबायचा सराव करा. चाक हाताला लागायला लागेल.

आकडे खरे राहण्यासाठी मशीनची निगा हवी. जाळी वर्षातून एक-दोनदा, धुळीच्या जागी त्याहून जास्त वेळा, व्हॅक्यूमनं साफ करा. आधी आणि नंतर त्याच डॅम्परवर ड्रॅग मोजून बघा, फरक लगेच दिसेल. साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर तेल द्या: चमचाभर तेल कागदी टॉवेलवर घेऊन साखळीच्या पूर्ण लांबीवर फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका. सीटची पट्टी रोज ओल्या कापडानं पुसावी, नाहीतर चाकांवर काळा थर बसतो आणि सीट धक्के देत सरकते.

हा सगळा विचार हवेच्या मशीनचा आहे. चुंबकी मशीनवरची पातळी खरोखरच विरोध ठरवते, तिथे आकडा वाढला की काम जड होतं. पाण्याच्या मशीनमध्ये टाकीतल्या पाण्याची पातळी स्ट्रोकचा पोत ठरवते, आणि ती दर व्यायामाला बदलायची गोष्ट नाही. या मशीनवरचे स्प्लिट हवेच्या मशीनवरच्या स्प्लिटशी ताडून बघू नका.

२००० मीटरची चाचणी किंवा स्पर्धा अनोळखी मशीनवर द्यायची असेल तर वॉर्म-अपमध्येच ड्रॅग बघून घ्या. सराव १२५ वर झाला असेल आणि त्या मशीनवर १२५ डॅम्पर ३ वर येत असेल, तर घरी खटका ५ वर असायचा हे विसरून तो ३ वरच ठेवा.