व्हाँफोरे कोफू

व्हाँफोरे कोफू : जपानच्या यामानाशी प्रांताची राजधानी कोफू येथील व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना १९६५. गणवेशाचे रंग निळा व लाल. घरचे मैदान कोसे क्रीडा उद्यानातील अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम. तेथे १५ हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक मावतात. जे लीग या जपानच्या व्यावसायिक लीगची दुसरी श्रेणी, जे२, १९९९ मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली, त्या दहांपैकी हा एक. पहिल्या श्रेणीत (जे१) तो आठ हंगाम खेळला : २००६, २००७, २०११ आणि २०१३ ते २०१७. २०२२ चा सम्राट चषक (सर्व श्रेणींच्या संघांसाठीची राष्ट्रीय बाद स्पर्धा) हे त्याचे सर्वांत मोठे यश.

सोळाव्या शतकातील सरदार ताकेदा शिंगेन याची राजधानी कोफूलाच होती. त्याच्या निशाणावर वारा, अरण्य, अग्नी आणि पर्वत यांची उपमा देणारे युद्धवचन होते. त्यातील वारा आणि अरण्य यांचे फ्रेंच शब्द जोडून १९९५ मध्ये क्लबने हे नाव घेतले. शुभंकर म्हणून या भागातील मूळ जातीच्या कै कुत्र्यांची जोडी आहे.

यामानाशी हा चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला, द्राक्षे, पीच आणि वाइनसाठी प्रसिद्ध असलेला प्रांत. लोकसंख्या सुमारे आठ लाख. खुद्द कोफू शहराची दोन लाखांच्या आत. फुटबॉलची गोडी मात्र जुनी. निरासाकी येथील हायस्कूलचा संघ देशभर नावाजलेला, आणि जपानचा विख्यात मध्यरक्षक हिदेतोशी नाकाता कोफूचाच, याच शाळेत घडलेला. तो १९९५ मध्ये व्यावसायिक झाला तो हिरात्सुकाच्या संघात. त्या वेळी कोफूचा क्लब जे लीगमध्ये नव्हता.

जपानचे बहुतेक मोठे क्लब कंपन्यांच्या संघांतून निघाले : उरावा मित्सुबिशीतून, नागोया टोयोटातून, काशिवा हिताचीतून, हिरोशिमा माझदातून. कोफूचे तसे नाही. कोफू दाइइची हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळातून १९६५ मध्ये कोफू क्लब उभा राहिला आणि १९७२ मध्ये राष्ट्रीय लीगच्या नव्या दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सराव करणाऱ्यांचा हा संघ कंपन्यांच्या संघांशी वीस वर्षे खेळत राहिला. १९९७ मध्ये क्लबची कंपनी झाली. प्रांत सरकार, कोफू व निरासाकी या नगरपालिका आणि स्थानिक वृत्तपत्रसमूह हे तिचे मुख्य भागधारक. तोटा झाला तर गुपचूप भरून देणारी पालक कंपनी पाठीशी नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

दिवाळखोरीच्या दारात. जे२ मधील पहिले तिन्ही हंगाम (१९९९ ते २००१) कोफू तळाला राहिला. २००० साली तर ओळीने १९ सामने हरला. सरासरी प्रेक्षकसंख्या दोन हजारांच्या आत आली, साचलेला तोटा सुमारे ४५ कोटी येनपर्यंत गेला आणि क्लब बंद करण्याची चर्चा उघडपणे सुरू झाली. भागधारकांनी एक वर्षाची मुदत दिली, ती तीन अटींवर : सरासरी ३,००० प्रेक्षक, ५,००० सभासद आणि जाहिरातींतून ५ कोटी येन. तिन्ही अटी मैदानातल्या निकालाशी नव्हे, लोकांच्या प्रतिसादाशी बांधलेल्या होत्या, आणि हाच त्यांतला शहाणपणा. संघ त्या वर्षीही शेवटचाच आला, पण सरासरी प्रेक्षकसंख्या ३,१३० झाली आणि उरलेल्या दोन अटीही पुऱ्या झाल्या.

हे घडवून आणले २००१ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या काझुयुकी उमिनो यांनी. एका बड्या पुरस्कर्त्याची वाट पाहण्याऐवजी त्यांनी गावातल्या छोट्या धंदेवाल्यांचे उंबरठे झिजवले. रोख देणे जमत नसेल तर माल द्या, सेवा द्या, असा हिशेब. मैदानाभोवती फलकांची दाटी झाली आणि मोकळी जागा दिसली की ती विकली जाऊ लागली. त्यातले सर्वांत गाजले ते स्ट्रेचर. खेळाडू जखमी झाला की खेळ थांबतो आणि सगळ्यांचे डोळे आत धावणाऱ्या स्ट्रेचरकडे वळतात. म्हणून त्याच्यावरही जाहिरात लागली. या पद्धतीचे बळ असे की एक पुरस्कर्ता गेला तरी घर बसत नाही. तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट : शंभर लहान रकमा जोडल्या तरी एका मोठ्या कंपनीच्या धनादेशाची बरोबरी होत नाही, आणि प्रत्येक रकमेमागे दरवर्षी पुन्हा चपला झिजवाव्या लागतात.

पहिली बढती. प्रशिक्षक ताकेशी ओकी यांच्या हाताखाली २००२ मध्ये संघ सातवा आला. ओकी २००५ मध्ये परतले, तेव्हा आखूड, वेगवान पासांवर चालणारा खेळ आणि ब्राझीलचा आघाडीवीर बारे यांच्या जोरावर कोफूने शेवटच्या दिवशी सेंदाईला मागे टाकून तिसरा क्रमांक गाठला. त्या काळी पहिले दोन संघ थेट वर जात आणि तिसऱ्याला जे१ मधील सोळाव्या संघाशी दोन सामने खेळावे लागत. समोर आला काशिवा रेसोल. ७ डिसेंबरला कोफूत यजमान २-१ ने जिंकले. अखेरच्या मिनिटांत दिवे गेल्यामुळे खेळ अर्धा तास खोळंबला होता. तीन दिवसांनी काशिवात बारेने एकट्याने सहा गोल केले आणि निकाल लागला ६-२. पाच वर्षांपूर्वी मोडीत निघालेला क्लब जे१ मध्ये पोहोचला.

वर चढणे आणि घसरणे. यानंतरच्या चढउतारांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संघ वर येतो तो एखाद्या गोल करणाऱ्याच्या पायावर. तो खेळाडू श्रीमंत क्लबाच्या डोळ्यांत भरतो, निघून जातो आणि संघ लंगडा पडतो. बारे २००७ मध्ये गाम्बा ओसाकाकडे गेला. त्या वर्षी कोफू सतरावा येऊन खाली आला. माइक हाव्हेनारने २०१० मध्ये जे२ मध्ये सर्वाधिक २० गोल करून बढती मिळवून दिली, २०११ मध्ये जे१ मध्ये १७ गोल केले, तरी संघ घसरलाच, आणि तो नेदरलँड्सला गेला. २०१२ मध्ये दावीचे ३२ गोल आणि सलग २४ सामने अपराजित राहण्याची कामगिरी यांमुळे कोफूने जे२ चे विजेतेपद मिळवले. दावी लगेच काशिमाला गेला.

या वेळी प्रशिक्षक हिरोशी जोफुकू यांनी उपाय बदलला. गोल करणारा टिकत नसेल तर गोल खाणे थांबवायचे : मागे पाच बचावपटू, त्यांच्या पुढे चौघांची घट्ट फळी आणि आघाडीला एकच. २०१३ मध्ये मधोमध सलग आठ पराभव पदरी पडूनही संघ तगला. २०१४ मध्ये ३४ सामन्यांत अवघे २७ गोल करून, पण फक्त ३१ खाऊन, तेरावा आला. पाहायला हा खेळ रूक्ष वाटे. तरीही या आकाराच्या क्लबाने सलग पाच वर्षे जे१ मध्ये काढली, ही चषकाइतकीच मोठी कमाई मानायला हवी. २०१७ च्या शेवटच्या दिवशी कोफूने भरपाई वेळेतील गोलने सेंदाईला हरवले, पण तिकडे तगण्याच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धी शिमिझूही जिंकला आणि कोफू खाली गेला. २०२१ मध्ये ८० गुण मिळवूनही तिसराच. कोविडमुळे त्या वर्षी प्लेऑफ नव्हते, फक्त दोघांनाच बढती होती.

खेळाडू घडवून पाठवणे हा या क्लबचा नाइलाज आहे आणि नावलौकिकही. विंगर जुनया इतो कानागावा विद्यापीठातून २०१५ मध्ये इथे आला आणि एका हंगामानंतर काशिवाला गेला. पुढे तो बेल्जियम व फ्रान्समध्ये खेळला. बचावपटू शो सासाकी याच विद्यापीठातून आला, तीन वर्षे खेळून हिरोशिमाला गेला आणि तिथला कर्णधार झाला.

सम्राट चषक, २०२२. त्या वर्षी जे२ मध्ये कोफू २२ संघांत अठरावा होता. चषकात मात्र त्याने सापोरो, तोसू, फुकुओका आणि उपांत्य सामन्यात काशिमा असे चार जे१ संघ गारद केले. १६ ऑक्टोबरला योकोहामात अंतिम सामन्यात समोर सासाकीचा हिरोशिमा होता. २६ व्या मिनिटाला कोफूने कॉर्नर थेट गोलसमोर न टाकता जवळच खेळला. बचावफळी बाहेर ओढली गेली आणि आलेला आडवा पास काझुशी मित्सुहिराने जाळ्यात ढकलला. ८४ व्या मिनिटाला ताकुमु कावामुराने बरोबरी साधली. जादा वेळेत बदली म्हणून आलेला ४२ वर्षांचा हिदेओमी यामामोतो, २००३ पासून याच क्लबात असलेला बचावपटू, याच्या हाताला चेंडू लागला आणि हिरोशिमाला पेनल्टी मिळाली. गोलरक्षक कोहेइ कावाताने ती अडवली. शूटआउटमध्ये त्याने कावामुराचा फटकाही अडवला आणि पाचवा, निर्णायक फटका यामामोतोनेच मारला : १-१, पेनल्टींवर ५-४. जे२ मध्ये असताना हा चषक जिंकणारा २०११ च्या एफसी टोकियोनंतरचा हा दुसराच क्लब. प्रशिक्षक तात्सुमा योशिदा, जे याआधी सिंगापूरच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, हंगाम संपताच क्लब सोडून गेले.

मैदानाचा प्रश्न आणि आशिया. कोसेचे मैदान मुळात अ‍ॅथलेटिक्सचे. धावपट्टीमुळे प्रेक्षक खेळापासून लांब बसतात, आणि छप्पर मुख्य सज्जापुरतेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोफूत विक्रमी ११४ सेंटीमीटर बर्फ पडले, तेव्हा घरचा पहिला सामना टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर न्यावा लागला. त्याच जुन्या स्टेडियमवरचा जे लीगचा अखेरचा सामनाही, ६ मे २०१४ रोजी उरावाविरुद्धचा ०-०, कोफूच्याच यजमानपदाखाली झाला.

सम्राट चषकामुळे २०२३-२४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली. दुसऱ्या श्रेणीत असताना त्या स्पर्धेत खेळणारा हा पहिला जपानी क्लब. कोसे आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नसल्यामुळे घरचे सामने पुन्हा टोकियोत, नव्या राष्ट्रीय स्टेडियमवर घ्यावे लागले. (त्याच स्पर्धेत मुंबई सिटीनेही अंधेरीचे मैदान सोडून घरचा पहिला सामना पुण्याच्या बालेवाडीत खेळला होता.) शिंजुकूहून कोफूला एक्स्प्रेसने दीड तास लागतो, आणि सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी. एवढे प्रचंड स्टेडियम रिकामे दिसणार हे उघड होते, म्हणून क्लबने इतर क्लबांच्या चाहत्यांनाही बोलावले. ते आपापल्या संघांचे शर्ट घालून आले, कोफूसाठी ओरडले. बुरिरामविरुद्धच्या पहिल्या सामन्याला ११,८०२ लोक होते आणि ९० व्या मिनिटाला मोतोकी हासेगावाने विजयी गोल केला. मेलबर्न सिटी, झेजियांग आणि बुरिराम यांच्या गटात कोफू ११ गुणांसह पहिला आला. शेवटच्या सोळा संघांच्या बाद फेरीत दक्षिण कोरियाच्या उल्सानकडून तो ०-३ आणि १-२ असा हरला. पुढचा जे२ हंगाम त्याने चौदाव्या क्रमांकावर संपवला.